वजनकाट्यावरची भयकथा आणि कमी खर्चाचे भयपट : कामाच्या नोंदी

६ एप्रिल

एका दिवाळी अंकासाठी सुमारे पाच हजार शब्दांची भयकथा लिहायची असून ती जुलैच्या मध्यापर्यंत संपादकांच्या हाती द्यायची आहे. हे काम चालू असेपर्यंत कमी पैशांत काढलेले भयपट पाहायचे, त्यांतून कथेला काय घेता येते ते टिपायचे आणि असाच प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी काय जमले, काय फसले याची तारीखवार नोंद ठेवायची, असे ठरवले आहे. मोठ्या खर्चाचे भयपट जाणूनबुजून बाजूला ठेवले आहेत. ज्याच्या गाठीशी पैसा असतो तो भूत दाखवू शकतो. ज्याच्याकडे नसतो त्याला एक दार, एक जिना, थोडा आवाज आणि नटाचा चेहरा एवढ्यावर भागवावे लागते. लेखकाची अडचण नेमकी उलटी आहे. कागदावर अख्खा राजवाडा जाळायलाही दमडी लागत नाही, म्हणून भयकथेत वर्णनाची उधळपट्टी फार सहज होते. टंचाईने दिग्दर्शकाला जी शिस्त लागली ती कथेला लावता येते का, हे मला पाहायचे आहे.

आजवरचा खर्च म्हणजे दोनशे पानी वहीचे ८० रुपये. यादीतले काही जुने अमेरिकी चित्रपट तिकडे स्वामित्वहक्काबाहेर असल्याने फुकट पाहता येतात, हा या कामातला मोठा आधार आहे.

११ एप्रिल

चित्रपट एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला लिहिण्याची पद्धत सपशेल फसली. पार्श्वभूमीला भयपट असला की लिखाणाला वातावरण मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पडद्यावर पळापळ सुरू झाली की माझी वाक्ये तुटक होऊ लागली आणि पडद्यावर शांतता पसरली की परिच्छेद लांबू लागले. म्हणजे कथेची गती कथेतून येईनाशी झाली. त्याहून वाईट असे की पात्रांच्या तोंडी चित्रपटातली वाक्ये शिरली. गावातला माणूस ‘आपण इथून बाहेर पडलं पाहिजे’ असे म्हणत नाही, तो ‘चला, निघा आता’ म्हणतो. अशी उसनी वाक्ये जवळजवळ प्रत्येक पानावर सापडली आणि आठवडाभराचे लिखाण काढून टाकावे लागले.

आता रात्री चित्रपट आणि सकाळी लेखन अशी फारकत केली आहे. वहीत तीन रकाने आखले आहेत : काय दाखवले, काय दाखवायचे टाळले, आणि टाळलेल्या गोष्टीची जागा कशाने भरली. चित्रपट मध्येच थांबवून टिपणे काढायची नाहीत, कारण थांबवला की धाकाची चढण मोडते आणि मग आपण केवळ युक्त्या मोजत बसतो. टिपणे संपल्यावर एकदमच लिहायची. जे सकाळपर्यंत आठवत नाही ते कथेच्या उपयोगाचे नव्हते, असे मी धरून चालतो.

१७ एप्रिल

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, १९६२. दिग्दर्शक हर्क हार्वी हे कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरात औद्योगिक आणि शैक्षणिक माहितीपट काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. यूटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाचा ओसाड पडलेला जलविहाराचा मंडप त्यांनी प्रवासात पाहिला, त्या जागेने त्यांना पछाडले आणि मग सहकारी जॉन क्लिफर्ड यांना त्यांनी कथा लिहायला सांगितली. मंडपात मृतांचा नाच झाला पाहिजे, एवढी मागणी होती. सुमारे ३३ हजार डॉलरांत चित्रपट झाला. नायिकेला दिसणारा पांढऱ्या चेहऱ्याचा माणूसही हार्वी यांनी स्वतःच उभा केला आणि संगीताला एका ऑर्गनवर भागवले.

इथे जागा आधी आली आणि कथा तिच्यामागून आली. माझ्या कथेत सध्या एक जुना वाडा आहे. तो मी कधी राहून अनुभवलेला नाही, तो वाचनातून आला आहे, आणि त्यामुळे त्यातले प्रत्येक दार वाचकाला आधीच ठाऊक असलेले आहे. आज तो वाडा सोडला. ज्या जागेचे मला खरोखर दडपण वाटते अशी एकच जागा लहानपणापासून डोक्यात आहे : गाळप हंगाम संपल्यानंतरच्या साखर कारखान्याचे आवार. हंगामात जिथे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, मुकादमांची हाकाहाक चालते, तिथे एप्रिलनंतर रिकामे लोखंड तेवढे उरते. ऊसतोड मजूर गावी परतलेले असतात आणि त्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या, जागी चुलीचे दगड दिसतात.

२५ एप्रिल

एसटीने जाऊन एका कारखान्याचा वजनकाटा पाहून आलो. जाण्यायेण्याचे आणि चहापाण्याचे मिळून २४० रुपये गेले. हंगाम नसला तरी काटा पूर्ण बंद नसतो. साखरेचे ट्रक आणि मळीचे टँकर अधूनमधून येतात. केबिन जेमतेम दोन माणसांपुरती आहे. टेबलावर इंडिकेटर, त्यावर लाल आकडे, शेजारी प्रिंटर आणि पाळीचे रजिस्टर. समोरच्या काचेतून लोखंडी प्लॅटफॉर्मची दोन्ही टोके दिसतात. काटा खड्ड्यातला आहे, म्हणजे प्लॅटफॉर्म जमिनीच्या पातळीवर असून त्याच्या खाली माणसाला वाकून उतरता येईल एवढी पोकळी आहे. तिथे लोडसेल, म्हणजे वजन टिपणारी उपकरणे, बसवलेले असतात. आकडा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने बदलतो. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो तेव्हा आत सत्तर दिसले. वीस-पंचवीस टनांची गाडी तोलणाऱ्या यंत्राने एकट्या माणसाची दखल घेतली, हे पाहून अंगावर काटा आला आणि कथा त्या क्षणी ठरली.

रात्रीची वेळ, केबिनमध्ये काटेवाला एकटा, प्लॅटफॉर्म रिकामा आणि इंडिकेटरवर वजन. ऊस उत्पादकांच्या बोलण्यात काटामारी हा शब्द नेहमी येतो. शेतकऱ्याच्या उसाचे वजन कमी दाखवून मधले टन लांबवायचे, असा तो आरोप असतो. माझ्या कथेतल्या काटेवाल्याने वर्षानुवर्षे हेच केले आहे आणि लांबवलेले वजन आता परत येते आहे. कथेचे अंदाजपत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकले : एक जागा, दोन पात्रे, एक यंत्र, आणि जे येते ते डोळ्यांना एकदाही दिसणार नाही.

३ मे

‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’, १९६८, जॉर्ज रोमेरो. पिट्सबर्गच्या परिसरात, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत, कृष्णधवल फिल्मवर काढलेला. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले होते आणि कृष्णधवल चित्रात ते खपून गेले. शीर्षक बदलताना नव्या शीर्षकपाटीवर स्वामित्वहक्काची सूचना राहून गेली आणि चित्रपट सर्वांना मोकळा झाला. मला त्यातले घर महत्त्वाचे वाटते. सारा देश संकटात आहे असे चित्रपट सांगतो, पण दाखवतो फक्त एका शेतघराच्या खोल्या. बाहेरचे जग आधी रेडिओतून आणि मग टीव्हीतून आत येते. त्या बातम्या रुक्ष, सरकारी स्वरातल्या आहेत आणि म्हणूनच त्यांचा दाब जाणवतो.

तेच काम माझ्या कथेत पाळीच्या रजिस्टरवर सोपवायचे ठरवले आणि संपूर्ण कथा रजिस्टरातल्या नोंदींतून लिहायला घेतली. जवळजवळ बारा पाने झाल्यावर ती वाट बंद झाली. काटेवाला रजिस्टरात गाडीचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन आणि वेळ लिहील. आपल्या मनाची अवस्था लिहिणार नाही. त्याला ती लिहायला लावली की रजिस्टर खोटे वाटते आणि नाही लावली तर कथा हलत नाही. शेवटी कथन बाहेरून ठेवले आणि रजिस्टरातल्या मोजक्याच ओळी कथेत घेतल्या. त्या ओळींत गाडीच्या क्रमांकाचा रकाना कोरा आहे. बारा पानांमधून हाताशी आलेली वस्तू म्हणजे हा कोरा रकाना.

१४ मे

‘कॅट पीपल’, १९४२. हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने निर्माते व्हॅल ल्यूटन यांना दीड लाख डॉलरांच्या आतल्या खर्चाचे भयपट काढायला नेमले होते आणि चित्रपटांची नावेही स्टुडिओच ठरवून देत असे. त्या नावाखाली काय करायचे एवढेच त्यांच्या हाती होते. दिग्दर्शन जाक टर्नर यांचे. रात्रीच्या रस्त्याने एक बाई चालली आहे, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतो, मग तो आवाज थांबतो. बाई घाबरून वेग वाढवते आणि श्वापद झेप घेणार असे वाटत असतानाच ब्रेकच्या फुत्कारासह एक बस चौकटीत शिरते. इतकेच घडते. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात तर भिंतीवर हलणारा पाण्याचा उजेड, सावल्या आणि घुमणारा आवाज याखेरीज जवळपास काही नाही.

हे दोन्ही प्रसंग पडदा झाकून पुन्हा ऐकले आणि ऐकू आलेले आवाज क्रमाने लिहिले. हा सराव मी सर्वांना आग्रहाने सुचवेन. त्यातून ध्यानात आले की भीती टाचांच्या आवाजाने वाटत नाही, तो थांबल्याने वाटते. म्हणजे आधी आवाज वाचकाच्या कानात पुरेसा मुरायला हवा.

कथेत उतरवताना मात्र अडचण आली. मराठीत ध्वनिदर्शक शब्दांची रेलचेल आहे आणि भयकथेत करकर, किर्र, सळसळ, खसफस यांचा इतका वापर झाला आहे की वाचक ते ऐकत नाही, ओलांडून जातो. पहिल्या खर्ड्यातून असे सारे शब्द काढले आणि त्यांच्या जागी आवाज करणारी वस्तू ठेवली. केबिनमधल्या पंख्याचे एक पाते जाळीला घासते, असे एकदाच सांगितले. पुढे पंखा चालू असल्याचा उल्लेख येतो तेव्हा आवाज वाचक स्वतःच पुरवतो. मग वीज जाते. इंडिकेटर बॅटरीवर चालू राहतो आणि पंखा थांबतो. या एका पानाला तीन सकाळी लागल्या आणि मला ते आत्तापर्यंतचे सर्वांत पक्के पान वाटते.

२८ मे

रामसे बंधूंचे चित्रपट. यांच्याकडे हसण्यावारी पाहण्याची रीत मला मान्य नाही. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला कुटुंबासह मुक्काम ठोकून काढला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, कुमार पटकथेला, अशी कामे भावाभावांत वाटलेली होती. ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहताना मी रकान्यांत लिहिले की राक्षस सुरुवातीलाच दाखवला आहे, आणि माझ्या हिशेबाने ही चूक ठरायला हवी होती. पण सामरी या राक्षसाचे शिर आणि धड वेगवेगळे ठेवले आहेत, ते एकत्र येता कामा नयेत, हा नियमही तिथेच सांगून टाकला आहे. पुढे कोणी त्या जागेजवळ गेले की प्रेक्षक नियम आठवून धास्तावतो. राक्षसाला सतत दाखवत बसायची मग गरज उरत नाही.

माझ्या कथेला असा नियमच नव्हता. रिकाम्या काट्यावर वजन दिसते, ते गूढ आहे, पण त्याने नेमके काय बिघडेल हे वाचकाला कळत नव्हते. आता कथेच्या दुसऱ्याच पानावर काटेवाल्याला नोकरीला लागताना मिळालेली ताकीद आठवते : पाळी देताना आकडा शून्यावर पाहिजे, शून्य नसेल तर रजिस्टरावर सही करायची नाही, आणि सही झाल्याखेरीज केबिन सोडायची नाही. नियम कामाच्या ठिकाणचा आहे, त्यात मंत्रतंत्र नाही, आणि त्यामुळे माणूस केबिनमध्ये का अडकून पडतो हा प्रश्नही सुटला.

त्या चित्रपटातली जगदीप यांची विनोदी उपकथा मात्र मला लांबलेली वाटली. विसाव्याची गरज खरी आहे. माझ्या कथेत त्यासाठी मळीच्या टँकरचा ड्रायव्हर येतो, तंबाखू मागतो, दोन गोष्टी बोलतो आणि जातो. दीड पान. दुसरे पात्र हेच.

१० जून

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’, २००७. ओरेन पेली यांनी सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात साधारण १५ हजार डॉलरांत काढला. झोपायच्या खोलीत तिवईवर कॅमेरा, कोपऱ्यात पळणारी वेळ, आणि रोज रात्री तीच चौकट. चौकट ओळखीची झाली की दार इंचभर हलले तरी नजर तिकडे धावते.

ही पुनरुक्ती गद्यात तशीच आणली तेव्हा ती चालली नाही. पडद्यावर चौकट एका नजरेत कळते. कागदावर तेच वाक्य पुन्हा आले की वाचक खाली घसरतो. म्हणून दर वेळी वर्णन आखूड करत नेले. पहिल्यांदा असे आहे : ‘प्लॅटफॉर्मवर गाडी नव्हती. फाटक बंद होते. खांबावरच्या दिव्याचा उजेड लोखंडावर मधोमध पडला होता आणि दोन्ही टोके काळोखात होती. आकडा शून्य होता.’ दुसऱ्यांदा : ‘फाटक बंद होते. आकडा शून्य होता.’ तिसऱ्यांदा नुसते : ‘आकडा साठ होता.’ आता वगळलेली वाक्ये वाचक स्वतः भरतो आणि फाटकाचा उल्लेख का गळला, या शंकेने तो मागे जाऊन पाहतो.

‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ही (१९९९) याच आठवड्यात पाहिला. चित्रीकरण आठ दिवसांचे, संवाद नटांनी ऐनवेळी बोललेले. त्यातून माझ्या कामाचे फारसे निघाले नाही. थरथरत्या कॅमेऱ्याला गद्यात तोड नाही आणि ती शोधण्यात एक आठवडा घालवू नये.

२२ जून

खर्डा दोघांना वाचायला दिला. त्यांतले एक गृहस्थ पूर्वी वजनकाट्यावर नोकरीला होते आणि त्यांनी कथेचा कणाच मोडला. माझ्या खर्ड्यात आकडा रात्रभर सावकाश चढत जातो. ते म्हणाले, ‘अहो, असं होतच नाही. बारीक सरक यंत्र आपोआप शून्यात जमा करतं. हळूहळू चढलं तर तुम्हाला दिसणारच नाही.’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे. इंडिकेटर शून्याच्या आसपासचा सावकाश फरक स्वतःच सावरून घेतो, कारण प्लॅटफॉर्मवर साचणारी धूळ आणि पावसाचे पाणी यांच्यामुळे शून्य सतत हलत असते. म्हणजे वजन दिसायचे तर ते एकाएकी यायला हवे.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी कोणत्याही चित्रपटातून मला मिळाली नसती. रिकाम्या काट्यावर आकडा दिसला तर काटेवाला भुताचा विचार करत नाही. प्लॅटफॉर्म आणि कडेच्या फटीत खडा किंवा चिखल अडकला आहे का, हे तो आधी पाहतो आणि मग उंदरांनी लोडसेलची केबल कुरतडली आहे का, हे पाहायला बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरतो. भयपटातली माणसे नको त्या ठिकाणी का जातात, हा प्रेक्षकांचा कायमचा आक्षेप असतो. माझा माणूस कामाच्या रीतीने जातो, आणि जातो तो नेमका प्लॅटफॉर्मच्या खाली. परत येणारे वजन जिथे उतरणार तिच्या खाली. शेवट असा आयता हाती आला की आधी लिहिलेली शेवटची चार पाने त्याच संध्याकाळी रद्द केली.

३० जून

‘लपाछपी’ पुन्हा पाहिला. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला आणि त्यांनीच पुढे तो हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून केला. उसाच्या दाट शेतात असलेले एक घर, मोजकी माणसे, आणि भीतीचा बराच भाग लख्ख उन्हात. गर्भवती नायिका उसात वाट हरवते तेव्हा चारी बाजूंना एकसारखेच दिसते, आणि त्या सारखेपणाला काडीचाही खर्च लागलेला नाही. चित्रपटाचे भूत मुली नको असणाऱ्या घरातून येते, म्हणून ते ओळखीचे आणि अंगावर येणारे आहे.

यानंतर माझ्या कथेतला एक प्रसंग रात्रीतून दुपारी हलवला. काटेवाला भर उन्हात गव्हाणीपाशी जातो. हंगामात जिथे उसाच्या मोळ्या अखंड पडत असतात ती गव्हाण आता कोरडी आहे, आणि तिथे त्याला एका शेतकऱ्याची जुनी वजनपावती सापडते. पावतीवरचा आकडा आणि त्याला आठवणारा आकडा यांत फरक आहे. काटामारी हा शब्द कथेत एकदाही उच्चारलेला नाही. खर्ड्यात त्यावर पाऊण पान होते. शेतकऱ्यांचे नुकसान, मजुरांची उचल, सारे समजावून सांगितलेले. त्या नुकसानीबद्दल मला मनापासून चीड आहे आणि म्हणूनच ते पान काढणे जड गेले. पण पावतीवरचे दोन आकडे ते अधिक ठणकावून सांगतात.

९ जुलै

कथा पाठवली. शब्दसंख्या चार हजार सहाशेच्या आसपास. वही, प्रवास, छपाईच्या प्रती आणि एका चित्रपटाचे भाडे मिळून ६७० रुपये खर्च झाला. वेळ सर्वांत जास्त गेला तो रजिस्टरच्या बारा पानांत आणि जागा ठरण्यापूर्वीच्या वाड्यात.

संपादकांचा दुपारी फोन आला. शेवटी प्लॅटफॉर्म खाली दबतो तिथे इंडिकेटरवर नेमका किती आकडा आला ते छापावे, अशी त्यांची सूचना आहे. मी खर्ड्यात ‘आकडा मावेना’ एवढेच लिहिले होते. त्यांचे म्हणणे पटले, कारण कथाभर आकडाच बोलत आला आहे आणि ऐनवेळी त्याला गप्प करण्यात अर्थ नाही. काट्याच्या क्षमतेपलीकडे वजन गेले की इंडिकेटर आकडा दाखवत नाही, त्यामुळे क्षमतेच्या आतलाच पण काटेवाल्याच्या स्मरणातल्या एकूण चोरीशी जुळणारा आकडा काढायला हवा. त्यासाठी पावतीच्या प्रसंगातले दोन्ही आकडे बदलावे लागतील. ते हिशेब उद्या सकाळी बसून करायचे आणि दुरुस्त पाने सोमवारपर्यंत पाठवायची आहेत.